भरीव जागा

त्या वर्षी भाद्रपदात पंकज भंडारदऱ्याला गेला तो पुस्तकांचं एक कपाट भिंतीवर चढवून द्यायला. काम अर्ध्या दिवसाचं. अकोले गावात राजूर रस्त्याला त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि एवढ्याशा कामासाठी तो एरवी घाट चढून गेला नसता. पण निरोप शामकांत सरांचा होता. सरांनी त्याला शाळेत गणित शिकवलं होतं, आणि वर्षभरापूर्वी त्यांची एकुलती मुलगी गेली तेव्हा पंकजला त्यांना भेटायला जायचा धीर झाला नव्हता.

मुलीचं नाव यामिनी. शेंडीजवळच्या आश्रमशाळेत ती शिकवायची आणि धरणाच्या वरच्या अंगाला, झाडीत एकटाच उभा असलेला एक जुना बंगला भाड्याने घेऊन राहायची. श्रावणात तिला ताप भरला. दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. तो मोकळा होईतो सगळं संपलं होतं. सर आणि अंबिकाकाकू तिचं सामान न्यायला म्हणून आले आणि काकू तिथून हलेचनात. आज नको, उद्या निघू, असं करता करता त्यांच्या संगमनेरच्या घराला लावलेलं कुलूप तसंच राहिलं.

पंकज पोचला तेव्हा दुपार होती, पण धुकं इतकं उतरलं होतं की फाटकाशी उभं राहून बंगल्याचा दरवाजा दिसत नव्हता. पाण्याचा आवाज सगळीकडून येत होता, धरणाचा कुठला आणि पन्हळीचा कुठला ते कळत नव्हतं. बंगल्याची राखण करणारा बन्सी डोक्यावर इरलं घेऊन पुढे आला. त्याने पंकजच्या हातातली हत्यारांची पेटी घेतली आणि चालू लागला. आत ओल्या लाकडाचा, रॉकेलचा आणि कधीच न वाळणाऱ्या कपड्यांचा वास भरला होता.

सर वाळले होते. काकू भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पंकजकडे पाहून मान हलवली, एवढंच.

"भिंतीत खिळा ठरत नाही रे," सर म्हणाले. "ठोकला की आत जातो आणि पडतो."

पंकजने बोटांनी भिंत वाजवून पाहिली. बाहेरच्या भिंती दगडाच्या होत्या, पण मधल्या सगळ्या पोकळ. सागाची उभी लाकडं आणि त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंटचे सपाट पत्रे ठोकलेले. धरण बांधायला आलेल्या साहेबांसाठी उभारलेली जुनी घरं अशीच असतात. खिळे केव्हाच रंगाखाली बुजले होते. खिळा लाकडात गेला तरच कपाट तोलणार, आणि लाकूड कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही.

त्याने पेटीतून एक पिवळं यंत्र काढलं. साबणाच्या वडीएवढं, पुढच्या अंगाला लाल दिव्यांची उभी ओळ. त्याचा धाकटा भाऊ सम्राट बहारीनला कामाला होता, त्याने ते आणून दिलं होतं.

सरांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हे लाकूड ओळखतं कसं?"

"लाकूड नाही ओळखत, सर. पत्र्यामागे पोकळी आहे की काही भरीव आहे, एवढंच त्याला कळतं. पत्र्यामागे भरीव काही आलं की याच्यातल्या विजेत फरक पडतो. आधी पोकळ जागी टेकवून बटण दाबायचं, म्हणजे ही पोकळी, असं त्याला सांगायचं. मग बटण तसंच दाबून सरकवत न्यायचं. कड जवळ आली की दिवे खालून वर चढतात आणि कडेवर शिट्टी वाजते. तसंच दुसऱ्या बाजूने यायचं. दोन खुणांच्या मधे लाकूड."

सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना वर्ग उजळून गेला. "म्हणजे नसलेपण आधी शिकवायचं," ते म्हणाले. "मग असलेलं सापडतं."

पंकजने काम सुरू केलं. दिवे चढले, शिट्टी वाजली, त्याने पेन्सिलीने खूण केली. दोन-दोन फुटांवर एकेक लाकूड, जमिनीपासून छतापर्यंत सरळ. जुन्या सुतारांचं काम चोख होतं. काकूंच्या खुर्चीशी आला तेव्हा त्याने त्यांना जरा पुढे सरकायला सांगितलं. त्या हातभर पुढे झाल्या. त्याने त्यांच्या मागून यंत्र नेलं आणि शिट्टी वाजली. तिथे वाजायला नको होती.

त्याने पुन्हा नेलं. पुन्हा तिथेच. दोन लाकडांच्या बरोबर मधे आणखी काहीतरी होतं, लाकडाहून रुंद. त्याने खालून वर यंत्र नेत त्याची उंची पाहिली आणि माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर दिवे विझले.

"इथे एक जास्तीचा खांब आहे," तो सहज बोलून गेला. "पण वरपर्यंत जात नाही."

काकूंनी मान वळवली नाही. "किती उंच आहे?" त्यांनी विचारलं.

पंकजने भिंतीवर हात ठेवून दाखवला. काकू उठल्या, वळल्या आणि त्याच्या हाताखाली जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोक्यावर चार बोटं जागा उरली.

"एवढीच होती ती," काकू म्हणाल्या. "माझ्याहून चार बोटं उंच."

"अंबिका," सर हळूच म्हणाले. "तो ओलीचा डाग असेल. चहा टाकतेस का?"

काकू आत गेल्या. पंकजने सहज, निव्वळ खात्री करायला, यंत्र पुन्हा त्या जागी लावलं. ते गप्प होतं. दोन लाकडांच्या मधे स्वच्छ पोकळी होती. त्याने बाजूला पाहिलं, खाली पाहिलं. काही नाही.

पंकजच्या वडिलांनी, कोंडीरामांनी, घरात भुताखेताचं नाव कधी काढू दिलं नव्हतं. कळत नाही म्हणजे अजून तपासलं नाही, असं ते म्हणायचे. म्हणून पंकज यंत्र घेऊन स्वयंपाकघरात गेला. काकू स्टोव्हपाशी उभ्या होत्या, मधल्या भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून चांगल्या लांब. त्यांच्या मागच्या पत्र्यावर त्याने यंत्र टेकवलं.

दिवे वरपर्यंत चढले.

कपाट खऱ्या लाकडांवर पक्कं बसवून त्याने यामिनीची पुस्तकं वर लावून दिली आणि निघाला. सर फाटकापर्यंत आले.

"यंत्र खोटं बोलतं का रे?"

"ओलीनं फसतं कधी कधी, सर."

"ओल काय चालते का?" सरांनी विचारलं. त्यांनीही स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं.

घरी आल्यावर पंकजला चैन पडेना. दुकानात मागच्या बाजूला प्लायवूडची आडभिंत होती. त्याने बायकोला, शुभांगीला, त्या भिंतीच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं. ती हातभर अंतरावर उभी राहिली तेव्हा यंत्र मुकं. चार बोटांवर आली तरी मुकंच. शेवटी तिने पाठ, डोकं आणि टाचा फळीला अगदी चिकटवल्या तेव्हा दिवे चढले. ती जराशी पुढे झुकली की विझले.

"एवढं काय शोधताय?" तिने विचारलं.

"काही नाही. अंतर बघतोय," तो म्हणाला. त्या रात्री तो उशिरापर्यंत जागा होता. जे काही त्या भिंतीत होतं, ते नुसतं उभं नव्हतं. ते पत्र्याला अंग लावून होतं.

दिवाळी झाली आणि सरांचा पुन्हा फोन आला, शेंडीच्या बूथवरून. "ये बाबा," एवढंच ते म्हणाले.

या वेळी आभाळ निळं होतं. भाताच्या खाचरांत पेंढ्या रचल्या होत्या, उन्हाला वाळल्या गवताचा वास होता. बन्सी फाटकाशीच बसला होता.

"बाई जेवत न्हाईत," तो म्हणाला. "सकाळपून भितीला पाठ लावून बसत्यात. बोलत्यात बी."

"कुणाशी?"

बन्सीने बंगल्याकडे पाहिलं. "मी आत जात न्हाई आता. सरपान पायरीवर ठिवतो अन् येतो."

काकूंना पाहून पंकज चरकला. अंगावर मांस उरलं नव्हतं. डोळे मात्र शांत होते, घरात सगळं ठीकठाक असलेल्या बाईसारखे. सरांनी त्याला ओसरीवर नेलं.

"तिच्या पाठीला हात लावला तर दगडाला लावल्यासारखं गार लागतं," ते म्हणाले. "संगमनेरला दवाखान्यात न्यायला हवं. म्हणते, यामिनीला एकटं सोडून कशी येऊ? मी काय सांगणार? तुझ्या यंत्रानं तिच्या म्हणण्याला साक्ष दिली. आता तूच ते खोटं करून दाखव. तिच्या डोळ्यांसमोर पत्रा काढ. आत काही नाही हे तिला बघू दे."

"आणि असलं तर, सर?"

सरांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "तर मलाही बघायचंय," ते म्हणाले.

त्यांनी काकूंची खुर्ची पुढे घेतली, भिंतीकडे तोंड करून. पंकजने यंत्र लावलं. ती तिथेच होती, चार बोटं जास्तीची उंची, तीच रुंदी. त्याने रंग खरवडून खिळे शोधले आणि एकेक उपसायला घेतला. प्रत्येक खिळा निघताना किंचाळल्यासारखा वाजत होता. शेवटचा निघाला तेव्हा पत्रा आपोआप सुटा झाला नाही. वरच्या बाजूने तो घट्ट धरून ठेवल्यासारखा राहिला. पंकजने पहार घालून ओढला, आणि मग तो एकदम त्याच्या अंगावर आला.

आत पोकळी होती.

बाजूच्या खणांत वर्षानुवर्षांची धूळ, कुंभारीण माशीची मातीची घरटी, पालीच्या अंड्यांची टरफलं. मधल्या खणात मात्र काहीच नव्हतं, धूळसुद्धा नाही. लाकूड रोज हात फिरल्यासारखं गुळगुळीत झालं होतं. हातातल्या पत्र्याची आतली बाजू पंकजला ओलसर लागली. त्याने पाहिलं तर थंड आरशावर श्वास सोडावा तसं दव पत्र्यावर धरलं होतं आणि बघता बघता ते कडांकडून वाळत गेलं.

काकू कितीतरी वेळ त्या उघड्या खणाकडे पाहत राहिल्या.

"गेली," त्या म्हणाल्या. "घाबरली तुम्हाला."

त्यांनी पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले तशा गाडीत बसल्या, दवाखान्यात राहिल्या, दिलेली औषधं घेतली. पौष संपायच्या आत त्या गेल्या. पंकज संगमनेरला मातीला गेला. निघताना सरांनी त्याचा हात धरला. "मी अंबिकाला पोरीपासून तोडलं रे," ते म्हणाले, आणि हात सोडला.

त्यानंतर सर एकटेच बंगल्यावर राहायला गेले, असं पंकजच्या कानावर आलं. नातेवाइकांनी समजावलं, पुतण्या न्यायला येऊन गेला. सर कुणाचं ऐकेनात.

फाल्गुनात त्यांचा निरोप आला. पंकजला जायचं नव्हतं. शुभांगी म्हणाली, "त्यांचं आता कोण आहे? जा एकदा." तो दुपारच्या एसटीने गेला.

डोंगरावर पळस फुलला होता. कुठेतरी वणवा लागला असावा. हवेत धुराचा वास होता आणि ऊन तांबूस झालं होतं. बन्सी फाटकाशी नव्हता. बंगल्याच्या पायरीवर सरपणाच्या मोळ्या एकावर एक साचल्या होत्या, कुणी आत नेल्या नव्हत्या.

सर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. काढलेला पत्रा पुन्हा ठोकून घेतला होता, त्यावर नवा रंग होता. त्यांची आरामखुर्ची त्या पत्र्याला पाठ लावून मांडली होती. कितीतरी महिन्यांनी ते पंकजकडे पाहून हसले.

"घाबरू नकोस. मला वेड लागलेलं नाही," ते म्हणाले. "मला पाठीशी ऊब लागते. गेले आठ-पंधरा दिवस रोज. पण मनाचे खेळ मला नको आहेत, मी गणिताचा माणूस. तू फक्त यंत्र लाव आणि मला उंची सांग. अंबिका माझ्या खांद्याला लागायची. तेवढी असेल तर मला पुढे काही विचारायचं नाही. आणि नसेल, पोकळच असेल, तर तसं सांग. मी आजच तुझ्याबरोबर खाली येतो. पुतण्याकडे जाईन."

पंकजने पेटी उघडली. त्याला मनापासून वाटत होतं की यंत्र गप्प राहावं. सरांना तो तिथल्या तिथे उठवून घेऊन गेला असता.

त्याने लांबच्या एका खणात यंत्र टेकवलं, पोकळी शिकवली आणि सरकवत आणलं. लाकूड. पोकळी. पुढचं लाकूड. मग सरांच्या खुर्चीपाशी येण्याच्या कितीतरी आधीच दिवे चढले.

ही कड होती. त्याने खूण केली. दुसऱ्या बाजूने आला, तिथेही खुर्चीच्या बऱ्याच अलीकडे शिट्टी वाजली. मधलं अंतर माणसाच्या रुंदीचं नव्हतं. मधे सागाची दोन लाकडं उभी होती, आणि जे होतं ते त्या लाकडांच्या आरपार पसरलं होतं. त्याने खालून वर यंत्र न्यायला सुरुवात केली. सरांच्या खांद्याची उंची आली. दिवे तसेच. सरांच्या डोक्याची उंची गेली. त्याने स्टूल घेतलं, वर चढला. दिवे तसेच होते. छताला हात पोचेल इतक्या उंचीवर शेवटी ते विझले.

"काय म्हणतंय?" सरांनी विचारलं. त्यांनी मान वळवली नव्हती. समोर पुस्तकांच्या कपाटाकडे पाहत ते बसले होते.

"बघतोय, सर…"

तो खाली उतरला. खुर्चीच्या दोन्ही अंगांना त्याने यंत्र फिरवलं, जिथे जिथे शिट्टी वाजली तिथे बारीक टिंब काढत गेला. वरून रुंद काहीतरी खाली आलं होतं आणि खुर्चीच्या उंचीवर त्याला दोन फाटे फुटले होते. एक उजवीकडून, एक डावीकडून. दोन्ही लांब, निमुळते होत सरांच्या कोपरांपर्यंत आलेले. टोकाला यंत्र एकदा वाजे, थांबे, पुन्हा वाजे, बोटभर अंतराने. पंकजने तिथे टिंबं काढायचं सोडून दिलं.

तो मागे सरला आणि टिंबांकडे पाहिलं. मग त्याने अंगठ्याने ती सगळी पुसून टाकली.

"पंकज," सर म्हणाले. "अंबिका आहे ना?"

पंकजने त्यांच्याकडे पाहिलं. बायकोला तिच्या मुलीपासून तोडल्याचं ओझं घेऊन तो म्हातारा दोन महिने एकटा बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. खरं काय सांगायचं, ते पंकजला स्वतःलाच माहीत नव्हतं. पण काय सांगू नये हेही त्या क्षणी त्याला कळलं नाही.

"हो, सर," तो म्हणाला. "काकूच आहेत. तुमच्या खांद्याएवढ्या."

सरांनी डोळे मिटले. एक लांब श्वास सोडून त्यांनी सबंध पाठ मागे टाकली, डोकं भिंतीला टेकवलं.

"सर, तरी चला ना खाली… दोन दिवस माझ्याकडे."

"आता कशाला?" सर म्हणाले.

पंकज पुन्हा स्टुलावर चढला. आपण कुठेतरी चुकलो असू, वरचा भाग ओल असेल, एवढीच त्याची आशा होती. त्याने वरच्या कडेशी यंत्र लावलं. सगळे दिवे लागले. त्याने हात हलवला नाही, श्वासही धरून ठेवला. तरी दिवे वरून एकेक विझत गेले. जे तिथे होतं ते तिथून निघालं होतं. त्याने यंत्र वीतभर खाली आणलं. तिथे दिवे लागले आणि विझले. स्टुलावरून उतरून आणखी खाली. लागले, विझले. ते हळूहळू वाकत होतं, वाट पाहायची सवय असलेल्या कुणासारखं, अजिबात घाई न करता. शेवटी ते थांबलं तेव्हा पंकज जमिनीवर गुडघा टेकून होता आणि यंत्र सरांच्या कानाशी होतं.

सरांनी मान किंचित कलती केली. भुवया वर गेल्या. कुणी हळू बोलत असलं की ऐकताना होतात तशा.

"बरं," ते म्हणाले.

मग थोड्या वेळाने, डोळे न उघडता, "पंकज, तू निघ आता. जाताना दार ओढून घे."

"सर…"

"बाहेरून."

पंकजने पेटी उचलली. यंत्र त्याने तसंच आत टाकलं. खोलीबाहेर येऊन त्याने दार ओढून घेतलं, कडी चढवली नाही. आतून सरांचा आवाज येत होता, हलका, जवळच्या माणसाशी बोलावा तसा. ते थोडं बोलत, थांबत, आणि पुन्हा बोलत. मधल्या थांबण्यात दुसरा कुठलाच आवाज येत नव्हता.

पंकजचा हात अजून चौकटीवर होता. चौकट त्याच भिंतीतल्या लाकडांना जोडलेली होती. आत सर बोलायचे थांबले की चौकटीचं लाकूड त्याच्या तळव्याखाली बारीक थरथरायचं. दुसऱ्या टोकाला कुणीतरी लाकडाला ओठ लावून बोलत असावं, तसं.